राष्ट्रीय इमारत संहितेतील बदल: प्रत्येक बदलासोबत त्याच्या परिणामाचा हिशेब का नसावा?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी लातूरला आरसीसी आराखड्यांचे काम करतो. बहुतेक कामे लहान असतात: ६०० ते १२०० चौरस फुटांचे प्लॉट, तळमजला आणि वर एक किंवा दोन मजले. मोठ्या शहरांतील उंच इमारतींविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी मुद्दाम या लहान घरांच्या बाजूने हा विषय मांडतो आहे.

गेल्या महिन्यात एका घराच्या आखणीच्या दिवशी जागेवर फक्की टाकून झाली आणि घरमालकीणबाई निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात येऊन थांबल्या. कॉलमचा चौकोन भिंतीच्या रेषेच्या आत आला होता. ९ इंची भिंत म्हणजे २३० मिमी आणि माझा कॉलम ३०० मिमीचा, त्यामुळे ७० मिमी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच, कोपरा खोलीत येत होता. बाईंनी टेप मागून घेतला, भिंत मोजली आणि म्हणाल्या, "इथं माझं कपाट बसत नाही." त्यांचे यजमान मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, शेजारच्यांचे कॉलम भिंतीतच बसलेत, मग आमचेच बाहेर का?"

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर सोपे आहे. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या तपशिलांचे मानक आयएस (भारतीय मानक) १३९२० हे आहे. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू २०० मिमी चालत असे. गाळा (दोन कॉलममधील बीमची लांबी) ५ मीटरपेक्षा मोठा किंवा कॉलम ४ मीटरपेक्षा उंच असेल तरच ३०० मिमीची अट होती. २०१६ च्या आवृत्तीत ही बाजू सरसकट किमान ३०० मिमी झाली आणि शिवाय बीममधून येणाऱ्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या २० पट असली पाहिजे, अशी दुसरी अट आली. म्हणजे बीमला १६ मिमीची सळई घातली की कॉलम ३२० मिमीच्या खाली जाऊ शकत नाही. यामागचे कारण पटण्यासारखे आहे. २३० मिमीच्या कॉलममधून दोन्ही बाजूंचे ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचे काँक्रीट) वजा केले, तर रिंगांच्या, म्हणजे उभ्या सळयांना बांधणाऱ्या आडव्या वेढ्यांच्या, आत धरलेला गाभा जेमतेम १५० मिमीचा उरतो. जमीन हलली की कव्हर आधी झडते आणि घर त्या गाभ्यावरच उभे राहायचे असते. ३०० मिमीच्या कॉलममध्ये हाच गाभा २२० मिमीचा मिळतो, आणि बीमच्या सळईला सांध्यात घट्ट धरून राहायला पुरेशी लांबीही मिळते.

बदल योग्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या मानकांच्या प्रस्तावनेत काय बदलले याची यादी असते. परंतु त्या बदलाने कोणाचा किती खर्च वाढेल, कोणाची किती जागा जाईल, तो जागेवर कोण तपासेल आणि तपासणारा मिळाला नाही तर काय होईल, हे घरमालकाला किंवा ठेकेदाराला वाचता येईल अशा रीतीने कुठेही मांडलेले नसते.

वास्तविक हा हिशेब अवघड नाही. १२ कॉलमचे घर धरा आणि २३० बाय ४५० ऐवजी ३०० बाय ४५० चा कॉलम घ्या. ३ मीटर उंचीच्या प्रत्येक कॉलमला सुमारे ०.०९५ घनमीटर काँक्रीट जास्त लागते. दोन मजल्यांचे २४ कॉलम मिळून सव्वादोन घनमीटरच्या आसपास होते, म्हणजे एक ब्रासही नाही. जागा म्हणाल तर एका मजल्यावर १२ कोपरे मिळून सुमारे ४ चौरस फूट जाते. संपूर्ण घराच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. पण ते ४ चौरस फूट एकाच ठिकाणी जात नाहीत. ते कपाटाच्या मागे, दाराच्या चौकटीजवळ आणि मोरीच्या कोपऱ्यात जातात, आणि १८ फूट रुंदीच्या घरात माणसाला तेच जाणवते. हे आधीच ओळखले असते, तर मानकासोबत लहान घरांच्या आखणीचे चार नमुने देता आले असते: कॉलमची लांब बाजू कोणत्या दिशेला ठेवावी, कपाटाची खाच कॉलमच्या शेजारी कशी घ्यावी, बीमला १६ ऐवजी १२ मिमीच्या जास्त सळया कुठे चालतील. तसे काहीच झाले नाही, म्हणून लोकांनी स्वतःची वाट शोधली. कागदावर कॉलम ३०० मिमीचा राहतो आणि जागेवर सेंटरिंगच्या फळ्या २३० मिमीच्या लागतात. परवानगीच्या वेळी सामासिक अंतरे आणि चटई क्षेत्र तपासले जाते, इंजिनिअरचा दाखला जोडला जातो, आणि कॉलममध्ये काँक्रीट पडत असताना तिथे कोणीही हजर नसते.

मी सहावीत असताना किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात आमचा भाग क्षेत्र १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा होता. तो क्षेत्र ३ मध्ये आला भूकंपाच्या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत. मात्र नकाशा आधी बदलला असता तरी त्या घरांवर काय परिणाम झाला असता, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, कारण त्यांपैकी फारच थोडी घरे कोणत्याही मानकाच्या किंवा इंजिनिअरच्या हाताखालून गेली होती. दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधदगड घालावेत, जोत्याला, दारांच्या वर आणि छताखाली सलग पट्टी फिरवावी, हे सांगणारी भारतीय मानके आहेत. ती गवंड्यापर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती.

ही मानके जिच्यात आधाराला घेतली जातात, ती राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिची सुधारणा झाली. ती स्वतः कायदा नाही. राज्याने किंवा नगरपालिकेने आपल्या नियमावलीत तिचा आधार घेतला की ती बंधनकारक होते. आपल्याकडे २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर एकच चौकट आणली, हे चांगले झाले. परंतु दिल्लीतील समितीने केलेला बदल औसा किंवा निलंग्यातील प्लॉटवर पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, याची जबाबदारी साखळीतील कोणाकडेच नाही.

माझी सूचना एवढीच आहे, की मानकाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला होतो, त्याच वेळी प्रत्येक महत्त्वाच्या बदलासोबत दोन पानांचा परिणामाचा तक्ता असावा आणि तो मराठीतही मिळावा. त्यात काय असावे, यावर आपली मते हवी आहेत.

नीराकाठचा ठेकेदार

सर, आपण कॉलमचे लिहिले, मी रिंगांचे लिहितो, कारण माझे आयुष्य त्यातच गेले आहे.

कॉलमच्या रिंगेचे टोक ९० अंशांत वाकवले, तर भूकंपात कव्हर झडल्यावर ती रिंग उघडते. म्हणून टोक १३५ अंशांत वाकवून आतल्या गाभ्यात घुसवायचे असते. हे मला एका कन्सल्टंट साहेबांनी जागेवर सळई हातात घेऊन समजावले, तेव्हा पटले. तोपर्यंत मी ती केवळ कागदावरची अट समजत होतो. पण आमच्या फिटरला हे पटवणे निराळे काम आहे. त्याची मजुरी टनावर ठरते. ९० अंशांची रिंग पाट्यावरच्या खिळ्यांत एका फेरीत निघते. १३५ ला टोक पुन्हा फिरवून घ्यावे लागते, आणि उभ्या सळयांत ती बसवतानाही हात अडकतो. म्हणजे कष्ट वाढतात आणि वजनात फरक पडत नाही, मग मजुरी वाढणार कशी? आपल्या परिणामाच्या तक्त्यात काँक्रीटचे घनमीटर येतील, पण फिटरच्या मनगटाचा हिशेब आला नाही, तर तो तक्ता अपुरा राहील. मी स्वतः तीन वर्षांपासून कॉलमच्या रिंगांची मजुरी नगावर वेगळी देतो. तेव्हापासून मला मागे उभे राहावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र मानकाच्या बाजूने सांगतो. १९९३ च्या आवृत्तीत टोकाची पुढची लांबी व्यासाच्या १० पट आणि किमान ७५ मिमी होती. २०१६ मध्ये ती ६ पट आणि किमान ६५ मिमी झाली. ८ मिमीच्या रिंगेला आधी ८० मिमीचे शेपूट लागायचे, आता ६५ पुरते. लहान कॉलममध्ये ती ८० मिमीची टोके एकमेकांत गुंतत आणि व्हायब्रेटरची सुई खाली जात नसे. म्हणजे सुधारणा दर वेळी जाचकच असते असे नाही. पण सांगायचे कोणी? आमच्या भागात अजूनही निम्मे फिटर जुन्या मापाची भीती धरून ९० अंशच वाकवतात.

मांजराकाठ (धागाकर्ता)

आपण मांडलेला टनावरच्या मजुरीचा मुद्दा मला सुचला नव्हता. बदल पाळला जाईल की नाही, हे पुष्कळदा मजुरी मोजण्याच्या पद्धतीवरच ठरते. मी तो तक्त्यात पहिल्या तीन बाबींत घेईन.

कॅल्गरीकर

मी मूळचा सोलापूरचा, गेली १४ वर्षे कॅनडात इमारतींच्या परवानग्यांशी संबंधित काम करतो. आपण जे सुचवता आहात, ते येथे बऱ्याच अंशी रूढ आहे, म्हणून पद्धत थोडक्यात सांगतो.

येथील राष्ट्रीय बांधकाम संहितासुद्धा भारतासारखी आदर्श संहिताच आहे. प्रांताने स्वीकारल्यावर ती कायदा होते. तिच्यात बदल सुचवला की त्याचा एक ठरलेला मसुदा तयार होतो. सध्याचे कलम, नवे कलम, नेमकी अडचण काय, हाच उपाय का, खर्च आणि लाभ यांचे विश्लेषण, अंमलबजावणीवर होणारा परिणाम आणि कोणाकोणावर परिणाम होईल, अशी त्याची रचना असते. हे सर्व जाहीर करून लोकांचे अभिप्राय मागवले जातात. अंमलबजावणीविषयी वेगळा रकाना असल्यामुळे 'हे तपासण्यासाठी सध्याची यंत्रणा पुरेशी आहे का' हा प्रश्न टाळता येत नाही.

याच्या मर्यादाही प्रांजळपणे सांगायला हव्यात. सुरुवातीचा खर्च रुपया-डॉलरमध्ये लगेच मांडता येतो. टळलेली हानी मांडणे कठीण जाते, आणि त्यामुळे तराजू आपोआप खर्चाकडे झुकतो. शिवाय या प्रक्रियेला वेळ लागतो. २०२० ची आवृत्ती प्रत्यक्षात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रांतांनी ती त्यानंतर आपापल्या सवडीने स्वीकारली. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग सायन्सेसने २०१९ मध्ये असा निष्कर्ष काढला होता, की अद्ययावत संहिता स्वीकारण्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे ११ डॉलरचे नुकसान टळते. तो आकडा अनेकदा दिला जातो. पण तो तेथील घरांचा, विम्याचा आणि आपत्तींचा आहे, तो उचलून लातूरला लावू नये. लातूरचा हिशेब लातूरच्या घरांवरच करावा लागेल.

माडबन

श्रीवर्धनजवळच्या गावातून लिहीत आहे. आमच्याकडे भूकंपापेक्षा वाऱ्याचा प्रश्न मोठा आहे आणि संहितेची चर्चा होते तेव्हा तो मागे पडतो.

वाऱ्याच्या भाराचे मानक आयएस ८७५ चा भाग ३ आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळांसाठी एक नवा गुणक आला. रुग्णालये, निवारे यांसारख्या वादळानंतर चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींसाठी तो १.३०, औद्योगिक इमारतींसाठी १.१५ आणि बाकीच्यांसाठी १.०० आहे. तो पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी ठेवला आहे. कोकणचा किनारा त्यात नाही. पूर्वीच्या वादळांचा इतिहास पाहून तसे ठरले असावे आणि त्या वेळी ते चुकीचे वाटले नसेल. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले.

निसर्ग वादळाच्या दिवशी आमच्या घराची कौले प्रथम पश्चिमेच्या कडेची गेली, मग वारा आत शिरला आणि रिपांसकट अख्खी पाखी उचलली गेली. शेजारच्या शाळेचे पत्रे नारळाच्या बागेत पडलेले आम्ही दुसऱ्या दिवशी गोळा केले. त्या पत्र्यांना जे-बोल्ट होते, पण कडेच्या रांगेतही मधल्या रांगांइतक्याच अंतरावर होते. वारा कडेला आणि कोपऱ्यांत जास्त ओढतो, हे मानकात आहे. पत्रे ठोकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.

आता हिशेबाची गोष्ट. हा गुणक वाऱ्याच्या वेगाला लागतो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १.३० चा अर्थ दाब सुमारे ६९ टक्क्यांनी जास्त. म्हणजे कोकणाला हा गुणक लावा, अशी मागणी करणे सोपे आहे, पण त्याचा भार शाळेच्या छताच्या कैच्यांपासून पायापर्यंत सर्वत्र पडेल. माझे मत असे आहे, की ज्या शाळा वादळात निवारा म्हणून वापरल्या जातात, त्यांना तो लावावाच. साध्या घरांसाठी केवळ छताच्या कडेचे बांधणे सक्तीचे केले तरी खूप काही वाचेल, आणि त्याचा खर्च फार नाही. असा टप्प्याटप्प्याचा विचार परिणामाच्या तक्त्याशिवाय होणार नाही, म्हणून आपल्या सूचनेला माझा पाठिंबा आहे.

सोसायटी सचिव, दादर

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. आमची इमारत १९७८ ची आहे. मानक बदलले की ती आपोआप असुरक्षित ठरते का? आमच्या सभासदांत दर बैठकीत यावरून वाद होतो. काहींना वाटते, की नवे नियम आले की पुनर्विकासाशिवाय गत्यंतर नाही, आणि काही जण त्या भीतीनेच तपासणीला विरोध करतात.

मांजराकाठ (धागाकर्ता)

सचिव महोदय, नवे मानक साधारणपणे नव्या बांधकामाला लागते. जुन्या काँक्रीट इमारतींच्या मूल्यमापनासाठी आयएस १५९८८ हे वेगळे मानक २०१३ मध्ये आले आहे, आणि इमारतीचे उरलेले आयुष्य लक्षात घेऊन काही प्रमाणात कमी भूकंपबल धरण्याची मुभा त्यात आहे. त्यामुळे '२०१६ च्या मानकात बसत नाही' आणि 'राहण्यास धोकादायक आहे' ही दोन वाक्ये एक नाहीत. तपासणी करणाऱ्यांना पहिल्याच भेटीत विचारा, की ते कोणत्या मानकाशी तुलना करणार आहेत, आणि ते अहवालात लिहून घ्या. तळमजल्यावर भिंती काढून वाहनतळ केले असेल, तर त्याकडे मात्र आधी लक्ष द्या. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकींचा तळमजला असाच मोकळा होता.

निवृत्त नगररचनाकार

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक गंभीर हरकत नोंदवायची आहे. परिणामाचा हिशेब ही दुधारी गोष्ट आहे. नोकरीच्या काळात मी अशा बैठकांना बसलो आहे, जिथे 'खर्च वाढेल' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत येत असे आणि त्यानंतर सुरक्षेचा मुद्दा वर येतच नसे. छोट्या घरमालकाच्या नावाने तक्ता तयार होईल आणि त्याचा उपयोग मोठे विकासक करतील, ही माझी भीती आहे.

दुसरे असे, की काही बदल तराजूत घालायचेच नसतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात सांगितले, की अपंग व्यक्तींसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, आणि किमान मानके बंधनकारक करण्यासाठी केंद्राला ३ महिन्यांची मुदत दिली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सार्वजनिक इमारतीत जाता यावे की नाही, हा प्रश्न खर्चाच्या रकान्यावर अवलंबून ठेवता येणार नाही.

मांजराकाठ (धागाकर्ता)

सर, आपली भीती अनुभवातून आलेली आहे आणि ती मी पूर्णपणे मान्य करतो. तरीही मी माझ्या सूचनेवर ठाम आहे, त्याचे कारण आपल्याच उदाहरणातून सांगतो.

चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला १:१२ चे प्रमाण धरा, म्हणजे १ उंचीला १२ लांबी. जोते ६०० मिमी उंच असेल, तर ७.२ मीटर लांबीचा उतार लागतो, शिवाय वर-खाली वळायची जागा. लहान प्लॉटवरच्या दवाखान्याला तेवढी लांबी समोर मिळतच नाही. हा हिशेब कोणी आधी केला नाही, म्हणून काय होते ते आपण रोज पाहतो: दोन मीटरमध्ये कसाबसा बसवलेला उतार, ज्यावरून खुर्ची ढकलताना धडधाकट माणसाचाही पाय घसरतो, आणि दाखल्यावर 'उतार आहे' अशी नोंद. हिशेब केला असता, तर नियमातच लिहिता आले असते, की अशा प्लॉटवर सार्वजनिक वापराचे जोते १५० मिमीच्या वर नेऊ नये आणि पाणी शिरू नये म्हणून पुढे चर काढावा. १५० मिमीला १.८ मीटरचा उतार पुरतो. म्हणजे तक्ता 'करावे की करू नये' हे ठरवण्यासाठी नको, 'कसे केले म्हणजे खरोखर होईल' हे शोधण्यासाठी हवा.

आपली हरकत लक्षात घेऊन मी दोन गोष्टी बदलतो. एक, जीवितसुरक्षा आणि सुगम्यता यांच्या बाबतीत तक्त्याच्या आधारे बदल फेटाळता येणार नाही, फक्त त्याची वाट आणि मुदत ठरवता येईल, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. दोन, खर्चाचे आकडे कोणी दिले हे नावानिशी जाहीर व्हावे, आणि लहान घर, चाळ, ग्रामपंचायत हद्दीतील बांधकाम आणि उंच इमारत यांचे हिशेब वेगवेगळे असावेत, म्हणजे एकाच्या आडून दुसऱ्याला सवलत मागता येणार नाही.

निवृत्त नगररचनाकार

या दोन अटी असतील, तर माझी हरकत मी मागे घेतो. तक्त्यात आणखी एक रकाना घाला: तपासणी कोणत्या दिवशी व्हायची. पाया भरताना, पहिल्या स्लॅबच्या आधी की भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी? काँक्रीट ओतल्यानंतर रिंगेचे टोक कोणालाही दिसत नाही.

मांजराकाठ (धागाकर्ता)

घेतला. मी ३०० मिमी कॉलमच्या एकाच बदलाचा नमुना-तक्ता भरून पुढच्या आठवड्यात येथे ठेवतो. माडबन यांनी छताच्या कडेच्या बांधणीचा असाच एक तक्ता केला तर फार उपयोग होईल. दोन्ही तपासून झाले, की भारतीय मानक ब्यूरोकडे सूचना म्हणून एकत्र पाठवू. रिंगांच्या मजुरीचा रकाना मात्र मला भरता येणार नाही.

नीराकाठचा ठेकेदार

तो माझ्याकडे द्या, सर. सोमवारी एका घराच्या तळमजल्याच्या कॉलमच्या रिंगा सुरू होत आहेत. एकाच फिटरकडून ९० अंशांच्या १०० आणि १३५ अंशांच्या १०० रिंगा करून घेतो, दोन्हींना लागलेला वेळ घड्याळ लावून मोजतो आणि संध्याकाळी इथेच लिहितो. ९० च्या रिंगा कॉलममध्ये घालणार नाही, त्या पुन्हा वाकवून घेईन. त्याचाही वेळ वेगळा मांडतो.